कालावधी: १९६१ ते

अकरा खोकी आली टेम्पोतून, गणेशखिंडीच्या बाजूने,
सुतळीने बांधलेली, गाठ वनखात्याची:
ओढली की घट्ट होते.
मी कंत्राटी. सहा महिने, तासावर पैसे.
काम: डॉ. म. गं. उकिडवे,
माजी अधिष्ठाता, वनशास्त्र,
यांचे कागद उलगडणे, झटकणे, क्रमांक देणे.

पहिली चार खोकी नुसत्या खुर्चीची.
परिपत्रकं, इतिवृत्तं, सत्काराची शाल, तिला कसर.
एक फोटो: कुलगुरू खड्ड्यात रोप धरून,
सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे,
रोपाकडे एकट्या शिपायाचे.

पाचव्यात वाळवलेली पानं. ऐन, धावडा, सालई, हेद.
हिरड्याच्या पाठीवर उमटलेला
उलट्या अक्षरांत कांद्याचा भाव.
चिठ्ठीवर त्यांचं मुंगीएवढं अक्षर:
छातीच्या उंचीला घेर एकशे बारा.
वनवाले झाड तिथेच मोजतात म्हणे,
माणसाच्या छातीशी.
कुणाच्या, ते पुस्तकात मीटरमध्ये ठरलेलं आहे.

सातवं खोकं. १९७४.
टेकडीवर लावायच्या झाडाचा प्रस्ताव. गिरिपुष्प.
कारणं तीन, टंकलिखित:
झपाट्याने वाढते. गुरे खात नाहीत. दगडातही येते.
मंजूर. सही, शेपटी वर गेलेली.
आणि समासात, वेगळ्या शाईत, कापऱ्या हाताने:
झपाट्याने वाढले.
पाखरेही खात नाहीत.
तारीख नाही.

त्यालाच गंजक्या टाचणीनं जोडलेला मस्टरचा पाठकोरा कागद,
पेन्सिलीनं, वनरक्षक सावळेराम धिंदळे:
"साहेब कोकणात याला उंदीरमारी म्हनतात.
मी पाहेलं आहे. खाली गवत धरत न्हाई.
लावायचं तर लावा पन मोई काढू नका,
तिच्यावर तांबट येतो.
कमीजास्त लिहिलं असल्यास माफी."
आवक शिक्का आहे, त्याच वर्षीचा.
जावक नोंदवही मी तीनदा पाहिली.

अकराव्यात निवृत्तीनंतरचं. एकच वही,
आधी दुधाच्या हिशेबाची वाटली.
रविवार. बाटल्या दोन. बस दीड रुपया. मोई जिवंत.
रविवार. बाटल्या दोन. बस दोन रुपये. मोई जिवंत.
पानं उलटली तसं तिकीट वाढत गेलं,
दोन बाटल्यांची एक झाली.
एकदा: पाऊस. तरी गेलो.
एकदा: गुडघा. रिक्षा तीस रुपये. जिवंत.
धिंदळेंचं नाव कुठेच नाही,
फक्त एका रविवारी: तांबट. दोन.
त्याखाली दोनदा ओढलेली रेघ.

शेवटच्या पानावर अक्षर बदलतं,
गोल, शाळेतल्या बाईंचं असावं तसं:
"हे आता नाहीत. मी गेले. बाटली एक.
नेमकी कुठली ते मला कधी दाखवलं नव्हतं.
तीनचार झाडांना थोडं थोडं घातलं."

या वहीला यादीत रकाना नाही.
पत्रव्यवहार नव्हे, संशोधन नव्हे, प्रशासन तर नव्हेच.
ग्रंथपाल म्हणाले, संकीर्णमध्ये टाका.
टाकलं.

गेल्या रविवारी पाषाणच्या अंगाने चढले.
गिरिपुष्प फुललं होतं, फिकट गुलाबी,
लोक त्याखाली उभे राहून फोटो काढत होते,
आणि खरं सांगायचं तर सुंदरच दिसत होतं,
हेही कुठेतरी नोंदवायला हवं.
मोई मला ओळखता येत नाही.
या दिवसांत निष्पर्ण असते म्हणतात,
पण निष्पर्ण तर पुष्कळ होती.
कुठूनतरी टुक टुक टुक,
तुळशीबागेत भांड्यावर नाव घालतात तसं.
अर्धी बाटली मी प्यायले.
अर्धी, जे झाड जवळ होतं त्याला.

सोमवारी यादीत एवढंच भरायचं राहिलं होतं.
कालावधी.
१९६१ ते, असं टाइप केलं
आणि पुढचं सुचेना, म्हणून
डबा खायला उठले.